चौथ्या मशीनवरचा कारागीर

बँकेकडून तपासणीला येणाऱ्या साहेबांना वर्कशॉपमध्ये सगळे टोपणसाहेब म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. माणूस वाईट नव्हता. पण कशाला हात लावायचा नाही आणि मोजल्याशिवाय काही सोडायचं नाही, अशी त्यांची तऱ्हा होती. पेनचं टोपण काढायचं आणि त्या टोपणाने मशीनला, पात्यांच्या गठ्ठ्याला, तेलाच्या डब्याला, अगदी भिंतीवरच्या पंख्यालाही टकटक करत पुढे सरकायचं. मिस्त्री म्हणायचा, एक दिवस हे माझ्याही डोक्यावर टकटक करतील आणि मला तारणात धरतील.

वर्कशॉप धार लावायचं होतं. सुऱ्या-कात्र्यांना नव्हे. छापखान्यात कागदाची अख्खी थप्पी एका दाबात कापणारी पाती असतात, माणसाच्या उंचीएवढी लांब. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्यांकडे असतात, प्लॅस्टिकच्या पिशव्यावाल्यांकडे असतात. ती इथे बोथट होऊन यायची आणि धारदार होऊन जायची. एका ओळीत चार मशीनं. मशीनवरून पातं उतरलं तरी धारेच्या कडेला नजरेला न दिसणारी लोखंडाची लव राहते. तेलाचा दगड हाताने फिरवून ती काढावी लागते, आणि ती नीट निघाली नाही तर पातं आठवड्याभरात मान टाकतं. हे शेवटचं काम वर्कशॉपचे मालक बाबा स्वतः करायचे, उभ्याने, कुणावर सोडायचे नाहीत. गिऱ्हाइकं यायची ती मशीनसाठी नाही, त्या हातासाठी यायची.

आणि तो हात गेला होता. एका सकाळी चौथ्या मशीनपाशी उभे असताना बाबा खाली बसले ते बसलेच. ताई, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा बँकेत होती. शिलकी मालाचा तक्ता द्यायला गेली होती, टोकन हातात धरून, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत. नंबर लागला, तक्ता दिला, शिक्का मारून घेतला, आणि बाहेर येऊन फोन बघितला. तेवढ्यात सगळं संपून गेलं होतं. ताईला या गोष्टीचा राग होता आणि तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं, त्यामुळे तो सगळ्यांवर निघायचा.

त्याच आठवड्यात चौथ्या मशीनची मोटर जळाली. मिस्त्रीने ती उतरवून दुरुस्तीला दिली, दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून ताईने ती तिकडेच राहू दिली. मशीनवर निळा प्लॅस्टिकचा कागद घातला आणि मागच्या बाजूला कुणी फारसं फिरकेनासं झालं.

कर्ज मोठं होतं. दोन नवी मशीनं त्याच कर्जावर आलेली. घर तारण, आणि जामीन म्हणून आईची सही. धंदा बाबांच्या हातावर चालायचा हे बँकेलाही ठाऊक होतं, म्हणून हात गेल्याबरोबर बँकेच्या पोटात गोळा आला. सगळे पैसे एकदम मागायचे की थोडं थांबायचं, यावर वर कुठेतरी खल झाला. शेवटी नव्याने बदलून आलेल्या टोपणसाहेबांनी आपल्या सहीने वर्षाची मुदत वाढवून दिली. पैसे बुडाले तर पहिलं बोट आपल्याकडेच दाखवलं जाणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यामुळे ते महिन्याला येत, आणि डोळ्यांत तेल घालून बघत.

पहिल्या तपासणीला ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. साहेब टकटक करत मागे गेले, बराच वेळ तिकडेच थांबले. परत आले ते चक्क हसत.

"मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं चाललंय तुमचं," ते म्हणाले. "चारही मशीनं चालू आहेत."

"चारही?" ताई म्हणाली.

"हो ना. आणि मागचे ते म्हातारे कारागीर! काय हात आहे हो त्यांचा. मी उभा राहिलो, पण त्यांनी मान वर करून बघितलं नाही. असा माणूस तुमच्याकडे आहे तोवर मला चिंता नाही. त्यांना मात्र सोडू नका. पगार वाढवून मागितला तर द्या."

ताईने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने खांदे उडवले. साहेब बाहेर पडल्यावर दोघं मागे गेले. निळा कागद जसाच्या तसा होता, त्यावर धूळही जशीच्या तशी. मोटरच्या जागी चार बोल्टची भोकं.

"भर दुपारी टोपणसाहेबांनी घेतली होती की काय?" मिस्त्री म्हणाला.

ताई हसली. हसण्यावारी न्यायचं तिने ठरवलं, कारण मुदत मिळाली होती आणि आलेल्या मुदतीला नाव ठेवायची तिची ऐपत नव्हती. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. साहेबांनी जाता जाता आणखी एक सांगितलं होतं. त्या म्हाताऱ्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं होतं, ते का, असं त्यांनी विचारलं होतं. बाबा धार तपासताना अंगठा कापू नये म्हणून ते गुंडाळायचे. बाबांना कधी न पाहिलेल्या या साहेबांना हे कुठून कळणार?

पुढच्या महिन्यात साहेब आले तेव्हा ती त्यांच्यासोबत मागे गेली. साहेब चौथ्या मशीनपासून चार हात लांब थांबले आणि आवाज जरा चढवून बोलू लागले, जसं चालू मशीनजवळ माणूस बोलतो तसं. ताईला ऐकू येत होता तो फक्त पंखा. साहेबांनी रुमालाने चष्म्यावरचं पाणी पुसलं. मशीनवर गार पाणी सोडतात, त्याचे शिंतोडे उडतात, तसं पाणी. ताईने आपल्या गालाला हात लावून बघितला, तर तो कोरडा होता.

"आज थकलेले दिसतायत," साहेब म्हणाले. "त्यांना एखादं स्टूल का देत नाही तुम्ही?"

ताईची अळीमिळी गुपचिळी. काय बोलणार? साहेब, तिथे कोणी नाही, म्हटलं असतं तर साहेबांचं डोकं फिरलंय असं तरी ठरलं असतं, नाहीतर कर्ज तरी. आणि खरं कारण वेगळंच होतं. तिला हेवा वाटला होता. या परक्या, टोपणवाल्या माणसाला तिचे बाबा दिसतात आणि तिला दिसत नाहीत, याचा. भीती नंतर वाटली, आधी हेवा वाटला.

आई वर्कशॉपमध्ये येत नसे. बाबा गेल्यावर ती एकदाच आली होती, दारात उभी राहिली आणि तशीच मागे फिरली. तेव्हापासून रोज संध्याकाळी एकच विचारायची, "किती राहिलं गं?" ताईला वाटायचं, हिला घराची काळजी आहे. आणि वाटून चिडचिड व्हायची. माणूस गेला, आणि हिला हप्ते मोजायचेत.

मग तो पगाराचा महिना आला. खोकीवाल्याने पैसे थकवले, पिशवीवाल्याने फोन उचलणं बंद केलं, आणि ताईला पहिल्यांदाच मिस्त्रीचा पगार वेळेवर देता आला नाही. तिने तोंड लहान करून सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "राहू द्या ताई, पुढच्या आठवड्यात द्या. मी काय पळून चाललोय?" आणि मनापासून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मागून तेलाचा डबा आणायला गेला आणि डबा न घेता परत आला. मिस्त्री म्हणजे दांडगा गडी, एकट्याने पातं उचलणारा. पण त्याची पाचावर धारण बसली होती.

"मालक आहेत," तो म्हणाला. "ताई, मालक आहेत मागं. काम करतायत."

ताई धावत गेली. निळा कागद, धूळ, भोकं.

"आत्ता आहेत?"

"तुमच्या समोर आहेत! तुम्ही... ताई, थोडं मागं सरा, पातं लागेल."

त्या आठवड्यात मिस्त्री मागे गेला नाही. आठवड्याने खोकीवाल्याचे पैसे आले, ताईने मिस्त्रीचा पगार त्याच्या हातावर ठेवला, आणि त्याला हाताला धरून मागे नेलं. त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. त्याचा जीव भांड्यात पडला.

"गेले," तो म्हणाला. "ताई, देवाशपथ सांगतो, कोणी नाही."

मिस्त्रीने त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं आणि ते शहाणपणाचं होतं. ताईने मात्र तो लावला. साहेबांची सही अडकली होती, म्हणून साहेबांना दिसत होते. मिस्त्रीचा पगार अडकला, त्याला दिसले. पगार सुटला, दिसेनासे झाले. ज्याचं काही या वर्कशॉपकडून यायचं आहे, ज्याचं बुडू शकतं, त्याला बाबा दिसतात. आणि तिचं काही अडकलेलं नव्हतं. ती बाबांच्या हाताखाली पगार घेणारी लेक होती. तिने कुठल्याच कागदावर सही केलेली नव्हती, बाबांनीच करू दिली नव्हती. तुला यात गुंतवायची नाही, असं ते म्हणायचे.

वर्ष संपत आलं आणि बँकेने मुदत पुढे वाढवायला नव्या अटी घातल्या. साहेबांनी त्या टेबलावर एकेक करून सांगितल्या, आणि सांगताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. व्याज अर्धा टक्का जास्त. उचलता येणारी रक्कम कमी. दर महिन्याला मालाचा तक्ता.

"आणि शेवटची अट जरा जड आहे," ते म्हणाले. "वरचे लोक म्हणतात, घरच्यांचाही पैसा यात लागला पाहिजे. नुसता बँकेनेच धोका का घ्यायचा? तुम्ही स्वतःचे पैसे वर्कशॉपला कर्ज म्हणून द्यायचे. आणि आमचं कर्ज पूर्ण फिटेपर्यंत तुमच्या पैशांना हात लावायचा नाही. आम्ही आधी, तुम्ही मागून. बुडालं तर आधी तुमचं बुडणार."

"देते," ताई म्हणाली.

"विचार करा. घाई नाही."

"देते म्हटलं ना."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. या अटीवर लोक रडतात, भांडतात, मामाची ओळख काढतात. अशी झडप घालणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असणार. ते पैसे ताईने वर्कशॉपमध्ये यायच्या आधीच्या नोकरीतून साठवले होते, स्वतःच्या दोन खोल्यांसाठी. लग्न मोडल्यावर परत माहेरी आलेल्या बाईला स्वतःचं दार म्हणजे काय असतं ते सांगायला नको. ते दार तिने त्या दिवशी देऊन टाकलं, आणि बँकेतून बाहेर पडताना ती जवळजवळ पळत होती.

वर्कशॉपच्या शटरपाशीच तिला आवाज आला. बाहेर, रस्त्यावर. चाक पात्यावर घासतं तो लांब, ओला आवाज, आणि त्यात मध्येच बाबांचं ते दातांतून हवा सोडणं. मिस्त्री पुढच्या मशीनवर खाली मान घालून काम करत होता. ताई त्याच्या बाजूने मागे गेली.

कागद नव्हता. बाबा होते. रबर गुंडाळलेला अंगठा, मळका निळा एप्रन, कानावर खडूचा तुकडा. पात्यावरून तेलाचा दगड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होता.

"बाबा," ती म्हणाली. मग मोठ्याने, "बाबा!"

त्यांनी मान वर केली नाही. दगड टोकाला पोचला. त्यांनी अंगठ्याने धार चाचपली, मान हलवली, नाही जमलं अशी, आणि परत पहिल्या टोकापासून सुरुवात केली. ती बघत राहिली. परत टोक, परत अंगठा, परत नकार. आनंदाने तिला रडू येत होतं, डोळे पुसून पुसून ती बघत होती, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की ते पातं तेच आहे. ते पूर्ण होत नव्हतं. बाबा थांबत नव्हते, पाणी पीत नव्हते, कंबरेवर हात ठेवून पाठ ताणत नव्हते. जिवंतपणी दुपारी दोनदा तरी खोक्यावर पाय वर घेऊन बसायचे, कारण त्यांचे पाय सुजायचे. आता तिने खाली बघितलं. चपलेचे पट्टे मांसात रुतले होते. घोटे दिसतच नव्हते. मशीनचं पाणी पायांवर ओघळत होतं आणि त्या पाण्यात ते दोन पाय उकडलेल्या बटाट्यासारखे फुगून, सालटं सुटून उभे होते.

तिने त्यांचा हात धरायला हात पुढे केला. हाताला गारवा लागला, बाकी काही लागलं नाही.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा आई पोळपाट मांडत होती. ताईचं तोंड बघून तिने लाटणं बाजूला ठेवलं.

"दिसले?" आई म्हणाली.

ताई म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. जामीन आहे ना मी. घर माझ्या नावावर आहे. दारात उभी राहिले आणि दिसले."

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस!"

"काय बोलू? तुझा बाप तिकडे उभा आहे, मरूनही काम करतोय, असं सांगू? तू रात्रंदिवस तिथंच बसली असतीस. मी ओळखते तुला." आईने पदराने तोंड पुसलं. "पाय बघितलेस त्यांचे?"

"बघितले."

"मला बसवत नाही गं इथं पाय पसरून. जेवायला बसले की ते पाय दिसतात. म्हणून तुला रोज विचारते, किती राहिलं, किती राहिलं. तुला वाटत असेल, म्हातारी पैशाची पिशवी झालीय. कुणाचं म्हणून देणं ठेवायचे नाहीत ते आयुष्यात. ते फिटल्याशिवाय ते बसायचे नाहीत. फेड ते. काय वाट्टेल ते कर, पण लवकर फेड. आणि बँकेचं फिटलं की तुझंही सोडून दे, ऐकतेस ना? तुला दिसले म्हणजे तुझाही पैसा लागलाय. तू पण देणेकरी करून ठेवलंस त्यांना."

"सोडीन," ताई म्हणाली. "शप्पथ."

आणि तेव्हा तिने ते अगदी खरं म्हटलं होतं.

पुढे ताईने जे केलं त्याचं कौतुक करायला हवं. खोकीवाल्याच्या दारात ती रोज सकाळी जाऊन बसायची, चहा नको, पाणी नको, पैसे द्या. पिशवीवाल्याला तिने सांगितलं, आधीचं द्या मगच पातं उचला. मिस्त्रीकडून तेलाचा दगड मारायला शिकली आणि मिस्त्रीपेक्षा बरा मारू लागली, कारण तिचा शिक्षक चौथ्या मशीनवर दिवसभर उभा होता. मनगट कुठे सैल सोडायचं, टोकाला दाब कसा कमी करायचा, हे ती बघून बघून उचलत होती. गेलेली गिऱ्हाइकं परतली. हप्ते वेळेवर, मग वेळेआधी, मग एकदम दोन-दोन. साहेब खूश.

दुपारी ती डबा घेऊन मागे जायची आणि स्टुलावर बसून जेवायची. जेवता जेवता बोलायची. खोकीवाला आज काय म्हणाला, मिस्त्रीच्या पोरीला नोकरी लागली, शेजारीण कशी भांडली. जिवंतपणी बाबांना तिचं ऐकायला वेळ नसायचा, "कामाचं बोल" म्हणायचे. आता ते ऐकत होते की नाही कोण जाणे, पण उठून जात नव्हते. पायांकडे बघायचं नाही अशी तिने हळूहळू सवय करून घेतली. स्टूल जरा बाजूला सरकवलं की मशीनच्या आड ते दिसत नसत. खरं सांगायचं तर ती वर्षं तिच्या आयुष्यातली चांगली वर्षं होती, आणि वाईट म्हणायचं तर हेच सगळ्यांत वाईट होतं.

कर्ज फिटत आलं तसा तिचा हात आखडला. शेवटचे हप्ते तिने वेळेआधी भरले नाहीत, तारखेला भरले. एकदा तर नवीन मशीन घ्यायचंय म्हणून आणखी कर्ज मिळेल का, असं तिने साहेबांना विचारूनही बघितलं. साहेब म्हणाले, आनंदाने. ती घरी आली, आईचं तोंड बघितलं, आणि तो विषय तिने परत काढला नाही.

शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी टोपणसाहेब स्वतः घराचे कागद घेऊन आले. त्यांनी सवयीने टोपण काढलं, मागे डोकावले.

"आज ते म्हातारे आले नाहीत वाटतं?"

ताईने मागे बघितलं. बाबा तिथेच होते. दगड टोकाला पोचला होता.

"नाही," ती म्हणाली. "सोडलं त्यांनी काम."

"बरं केलं. वय झालं होतं. आराम करू दे आता." साहेबांनी टोपण पेनला लावलं आणि खिशात ठेवलं.

साहेबांना ताईने स्वतःच्या पैशांचंही विचारून घेतलं होतं. काही नाही, ते म्हणाले, आता आमची अट संपली. तुमचे तुम्ही काढून घ्या, किंवा सोडून द्यायचे असतील तर एका कोऱ्या कागदावर तसं लिहून सही करा, दोन ओळींचं काम आहे. काढून घेतले असते तरी देणं फिटलंच असतं. दोन्हींपैकी काहीही केलं असतं तरी चाललं असतं. कोरा कागद टेबलावर होता. पेन होतं. ताई त्या कागदापुढे बसली, उठली, बाबांकडे जाऊन आली, परत बसली. मग तिने कागद बाजूला सारला आणि मिस्त्रीला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आई आली. न सांगता आली होती. दारात क्षणभर डोळे मिटून उभी राहिली, मग उघडले, आणि सरळ मागे चालत गेली. इतकी वर्षं जिथे पाऊल टाकलं नव्हतं तिथे. ताई तिच्या मागोमाग गेली.

आई चौथ्या मशीनपुढे थांबली. निळा कागद तिने हाताने चाचपला, धूळ झटकली. आणि एकदम तिचा चेहरा सुटला. ताईला आठवत होतं तेव्हापासूनचा सगळा ताण त्या चेहऱ्यावरून उतरला, आणि ती एखाद्या तरुण बाईसारखी हसली, रडता रडता.

"नाहीत," ती म्हणाली. "नाहीत गं! गेले. सुटले."

ताईला दिसत होतं, तिचा हात पात्यावरच होता. बाबांनी दगड चटकन मागे घेतला, जिवंतपणी कुणी मध्ये हात घातला की घ्यायचे तसा. आणि इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. आईकडे बघितलं. आईचे डोळे त्यांच्या खांद्यावरून, पलीकडच्या भिंतीवर लागले होते. ते बघत राहिले, जरा वाकून, तिच्या नजरेसमोर यायला बघावं तसे. मग त्यांनी ताईकडे बघितलं. रागाने नाही. हिशेब चुकला की बघायचे तसं, विचारल्यासारखं.

"तुझे पैसे?" आईने वळून विचारलं. "ते सोडलेस ना?"

"कधीच सोडले," ताई म्हणाली.

"शप्पथ?"

"शप्पथ, आई."

आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, केसांवरून हात फिरवला. "मोठं काम केलंस बाई. मला वाटायचं, तू सोडणार नाहीस." मग ती स्वतःशीच म्हणाली, "पाय वर घेऊन बसले असतील ना कुठंतरी?"

बाबांनी परत मान खाली घातली होती. दगड पहिल्या टोकावर टेकला होता. मशीनचं पाणी त्यांच्या पायांवरून वाहत आईच्या चपलांपर्यंत येत होतं, आणि आईच्या चपला कोरड्या होत्या.

"हो आई," ताई म्हणाली. "बसलेत."

आईला घाई होती. आज तिला पोटभर जेवायचं होतं, पाय पसरून बसायचं होतं. ताई म्हणाली, तू हो पुढे, मी शटर लावून येते. आई गल्लीच्या वळणापर्यंत जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग ती आत आली, स्टूल बाबांच्या समोर ओढून बसली, आणि आज बँकेचे साहेब काय काय बोलले ते त्यांना सांगायला लागली.